देवघरातले मालक

ओट्यावरून कोणी हाक मारली, "मालक हायत का घरात?", की आतून पोळ्या लाटता लाटता विजयमालाबाई सांगायच्या, "हायत की. देवघरात बसल्यात. पर ते कुणाशी बोलत न्हाईत, काय असंल ते मला सांगा."

गॅसची टाकी घेऊन आलेला, चादरी विकणारा, मतं मागायला आलेली मंडळी, सगळ्यांना हेच उत्तर. नवा माणूस गडबडायचा. घरात कुणीतरी पुरुष जपाला बसला आहे असं वाटून आवाज खाली करायचा. मेसला जेवायला बसलेल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. त्यांना माहीत होतं, की देवघरात बसलेले मालक म्हणजे एक सुपारी. गोटीसारखी गोल, वीसेक वर्षांच्या हळदीकुंकवानं काळपट लाल झालेली.

बीडात बार्शी नाक्याच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून दोन वळणं आत गेलं की हे घर. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, आणि निम्मं अंगण अडवून बसलेला पाण्याचा हौद. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यानं हौद मोठा बांधलेला. क्लाससाठी गावोगावहून आलेल्या मुलींची मेस विजयमालाबाई इथंच चालवत. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी हौदाच्या कठड्यावर बसून पाठांतर करत आणि आतून बाई ओरडत, "पाय आत सोडू नका गं, प्यायचं पानी हाय." त्यातल्या काही खरोखर डॉक्टर झाल्या. काही झाल्या नाहीत, त्यांनाही बाईंनी शेवटच्या दिवशी शिरा करूनच घातला.

हे घर कसं झालं, ते सांगायला हवं.

विजयमालाबाई तलवाड्याच्या. वडील मोहनराव शेतकरी, चार माणसांत मान असलेले. मुलगी दिली तेलगावला. नवरा अजिनाथ. दारूडा नव्हता, हात उचलणारा नव्हता. त्याला एकच सवय होती. काही बिनसलं की म्हणायचा, "माझ्या घरात हे चालायचं न्हाई." भाजीत मीठ कमी, तर माझ्या घरात. पोरगी रडली, तर माझ्या घरात. आधी बाईंनी ते पावसापाण्यासारखं मानलं. मग एका दुपारी दूध उतू गेलं आणि तो म्हणाला, "नीघ माझ्या घरातून." असं तो पूर्वीही म्हणाला होता. त्या दिवशी मात्र बाईंनी गॅस बंद केला, ओटा पुसला, लेकीला, आरोहीला, काखेत घेतलं आणि निघाल्या. दोन दिवसांनी तो न्यायला आला, हात जोडले, सासूही रडली. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात मी आता पाहुणी म्हणून बी येनार न्हाई."

कोर्टात काडीमोडाच्या कागदावर सही करताना त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी भज्यांची प्लेट घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. सोबत आलेला भाऊ अंगद बघतच राहिला.

तलवाड्याला माहेरी कुणी वाईट वागवलं नाही. पण माहेरच्या घरात त्यांची पत्र्याची पेटी कॉटखाली कायम भरलेलीच असे. साडी लागली की काढायची, धुतली की परत पेटीत. खुंटीवर काही टांगायचं नाही. आई, तुळजाबाई, म्हणायची, "अगं, कपाटात ठेव की." त्यावर बाई म्हणायच्या, "असू दे." मग बीडात मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं, पुढं स्वतःची मेस काढली, अंगावरचं सोनं मोडलं, आणि हे घर घेतलं. आत आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल? भिंतीत खिळा ठोकला आणि त्याला आपली पिशवी टांगली.

वास्तुशांतीच्या वेळी नाटक झालं. पूजेला जोडपं लागतं. तुळजाबाईंनी ठरवून टाकलं होतं, अंगद आणि सूनबाई बसतील. अंगदनं धोतरही आणलं होतं. विजयमालाबाई म्हणाल्या, पूजेला मीच बसणार. आज भाऊ बसला की उद्या गाव म्हणणार अंगदचं घर, बहीण राहते तिथं. नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागले. गुरुजी होते बद्रीनाथ, तेव्हा पंचविशीचे, पहिलीच मोठी पूजा, घामानं उपरणं भिजलेलं. त्यांनी बराच वेळ पोथीत बघितलं. तिथं काही सापडलं असेल असं वाटत नाही. मग मान वर करून म्हणाले, "बाप्याची बायको नसली तर कमरेला सुपारी लावून पूजा करत्यात. मग बाईचा नवरा नसंल तर सुपारी कावून चालू नये?"

एक म्हातारे मामा म्हणाले, असं कुठं असतंय का. पण तोवर गुरुजींनी पाटावर सुपारी मांडली होती.

मोठी गंमत पुढेच होती. गुरुजींच्या तोंडात पूजेची वाक्यं पाठ बसलेली. यजमान पाणी सोडायला लागले की बायकोनं हाताला हात लावायचा. तेव्हा ते सवयीनं म्हणाले, "ताई, यजमानांच्या हाताला हात लावा." म्हणाले आणि जीभ चावली. विजयमालाबाईंनी शांतपणे एक बोट सुपारीला टेकवलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच पाणी सोडलं. तिथं बसलेल्या बायका हसल्या. मग एकीनं डोळ्याला पदर लावला आणि तिचं बघून बाकीच्यांनीही लावला.

पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या, माणसं गेली. सुपारी भिंतीतल्या देवघरात, शहाबादी फरशीवर, अन्नपूर्णेच्या डाव्या अंगाला बसली ती बसलीच. रोज तिला हळदकुंकू आणि दिव्याच्या तेलाचं एक बोट लागे. बाई तिच्याशी बोलायच्या. हौदाला गळती लागली तर सांगायच्या, "बघा, मालक, तुमच्या घराला काय झालंय." आरोही तापानं फणफणली त्या रात्री सुपारीला दम दिला होता, "नुसतं बसून राहू नका." अजिनाथनं दुसरं लग्न केल्याची बातमी आली तेव्हाही बाई देवघरासमोर जाऊन म्हणाल्या, "तुमी लई बरे. बोलत न्हाई, ते लई बरं."

असं ते घर. मग ते विकलं कशासाठी?

आरोही शिकली, पुण्यात नोकरीला लागली, प्रविणशी लग्न झालं, मुलगी झाली. जावई चांगला. घर भाड्याचं, आणि वर्ष भरत आलं की घरमालकाचा फोन येणार, खोली रिकामी करा, भाचा येतोय. मागच्या दिवाळीत बाई नातीला बघायला गेल्या, तर बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी दोन खोकी. चिकटपट्टी तशीच. वर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवलेली. त्यात काय आहे म्हणून विचारलं, तर आरोही म्हणाली, लग्नातली भांडी, तुझी रुखवताची चादर.

"मग उघडीत कावून न्हाईस?"

"परत भरावीच लागतात ना आई," आरोही सहज बोलली आणि चहा गाळायला लागली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर विजयमालाबाईंनी समजूत घातली असती. रात्रभर त्यांना तलवाड्याच्या कॉटखालची पेटी दिसत राहिली. पोरीला आपण शिकवलं, लग्न करून दिलं, सगळं दिलं, आणि पेटीही दिली. सकाळी त्यांनी सांगून टाकलं, बीडचं घर विकायचं आणि इथं घ्यायचं. अट एकच. घर एकट्या आरोहीच्या नावावर. प्रविण म्हणाला, "आई, तुमी म्हणाल तसं." आरोही मात्र आठवडाभर बोलली नाही, मग फोनवर भांडली, मग रडली. बाई आपल्या म्हणण्यावरून हलल्या नाहीत.

आपण काय सोडतो आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दारात आलेल्या माणसाला "या, बसा" म्हणायचा हक्क त्या सोडत होत्या. पुण्यात त्यांना सगळं मिळणार होतं, लेकीची माया, नातीचं बोबडं बोलणं, उन्हाची खिडकी. पण तिथं कुणी दार वाजवलं तर त्या आतल्या खोलीत उठून जाणार. माणसं म्हणणार, या आरोहीच्या आई, हल्ली लेकीकडेच असतात. जगातलं एकच दार असं होतं जिथून त्यांना कुणी नीघ म्हणू शकत नव्हतं. तिथून त्या आपल्या पायांनी निघणार होत्या.

घर घेतलं मंजुषानं. ती आणि तिचा नवरा दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पोरगी गुणी. घर बघायला आली तेव्हा भिंतींपेक्षा हौदाकडं जास्त वेळ बघत होती, तिथंच बाईंनी मनात ठरवलं होतं, हिलाच द्यायचं.

निघायच्या दिवशी सकाळीच टेम्पो येऊन उभा राहिला. मेसची पातेली आधीच वाटून टाकली होती. डबे, गाद्या, शिलाई मशीन गाडीत चढलं. घर रिकामं व्हायला लागलं की त्याचा आवाज बदलतो. प्रयोग संपून नेपथ्य उतरवल्यावर रंगमंचाचा बदलतो ना, तसा. तोवर मऊ वाटणारं बोलणं भिंतीवर आपटून परत यायला लागतं. पुण्याहून आईला न्यायला आलेली आरोही हळू आवाजात बोलायला लागली होती, तरी तिचं बोलणं मोठं वाटत होतं.

बाईंनी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळे देव धुऊन पुसून लाल फडक्यात बांधले. मालकांना शेवटी घेऊ म्हणून ठेवलं होतं. तेवढ्यात मंजुषा आली आणि तिच्याबरोबर बद्रीनाथ गुरुजी. तिला वास्तुशांतीचा मुहूर्त काढायचा होता, दिशा दाखवायच्या होत्या. आज तुमची निघायची गडबड असेल, काकू, आम्ही आलो तर चालेल ना, असं तिनं तीनदा विचारलं. गुरुजी आता जाड झाले होते, गळ्यात दोरीचा चष्मा. बाईंना बघून त्यांनी लांबूनच हात जोडले, तुमच्या घरापासूनच माझा जम बसला, म्हणाले. मग देवघरापाशी आले आणि थांबले.

"ताई, ही कशाची सुपारी?"

"कशाची म्हंजे? तुमीच बसवलेली. वास्तुशांतीला."

गुरुजी आधी हसले. मग हसू थांबलं. चष्मा लावून ते वाकून बघायला लागले.

"हिचं विसर्जन केलं न्हाई तुमी?"

"कसलं विसर्जन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून सुपारी जागेवरून जराशी हलवायची असते, ती हलली की पूजा उठली, मग ती पाण्यात सोडायची, असं गुरुजींनी समजावून सांगितलं. हे त्यांनी त्या दिवशीही सांगितलं होतं म्हणे.

"जेवताना सांगितलं असंल," बाई म्हणाल्या. "मी पोळ्या वाढीत व्हते."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. चूक कुणाची, ते आता शोधण्यात अर्थ नव्हता.

"मग हेचा अर्थ काय म्हनायचा?"

गुरुजी जरा घुटमळले. "अर्थ असा ताई, की तुमची वास्तुशांत अजून संपलीच न्हाई. तवापासून चालूच हाय."

विजयमालाबाई रिकाम्या फरशीवर खाली बसल्या. चालूच आहे. म्हणजे पोरींच्या परीक्षा, आरोहीचा ताप, हौदाची गळती, आरोहीच्या लग्नाच्या अक्षता, तुळजाबाई गेल्याचा फोन याच खोलीत आला ती सकाळ, सगळं त्या पूजेतच झालं होतं. या घरात रोज सकाळी उठताना त्यांना वाटायचं, आज घरात काहीतरी कार्य आहे. का वाटतं, ते कधी कळलं नव्हतं. एका पूजेच्या पाटावर त्या इतकी वर्षं बसून होत्या आणि त्यांना कुणी उठा म्हणालं नव्हतं.

"आन् न्हाई हलवली तर?"

मंजुषानं खाली बघितलं. गुरुजी म्हणाले, "तर घर ह्यांचं आन् पूजा तुमची, असं हुईल. ह्यांची पूजा बसायची कुठं?"

बाईंनी मंजुषाकडं पाहिलं. नव्या घराचा आनंद लपवायची धडपड चाललेली, पण तो गालावर दिसत होता. तसाच आनंद एकदा त्यांच्याही गालावर होता आणि तो लपवायला त्यांना कुणी लावलं नव्हतं. त्या उठल्या. म्हणाल्या, "करून टाका."

घरात तांदळाचा दाणा उरला नव्हता. मंजुषानं मुहूर्तासाठी म्हणून तांदूळ आणि कुंकू आणलं होतं, त्यातलंच दिलं. नव्या धनिणीच्या तांदळानं जुन्या धनिणीची पूजा उठायची होती. गुरुजी मंत्र म्हणायला लागले. आवाज तोच होता, तरुणपणीचा, फक्त वर चढताना धाप लागत होती. शेवटाला येऊन ते अडखळले.

"काय झालं?"

"पुढं पुनरागमनाय च म्हनायचं असतंय, ताई. म्हंजे, परत या."

बाईंनी मुठीतल्या अक्षतांकडं बघितलं.

"मग ते नका म्हनू," बाई म्हणाल्या. "उगं देवाला खोटं कशाला सांगायचं."

गुरुजींनी मान हलवली आणि तेवढं वाक्य गिळलं. बाईंनी अक्षता टाकल्या. तीन बोटांनी सुपारी धरली आणि हलवायला गेल्या.

सुपारी हलेना.

इतक्या वर्षांचं तेल आणि कुंकू वाळून वाळून ती फरशीला धरून बसली होती. बाईंनी पुन्हा जोर लावला. बोटं घसरली. "बघा की," त्या सुपारीला म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात, हौद गळतोय असं सांगायच्या त्याच आवाजात, "तुमालाबी जायाचं न्हाई." आणि त्यांचा आवाज फाटला. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दाबलेलं रडणं त्या रिकाम्या खोलीनं मोठं करून सगळ्यांना ऐकवलं.

गुरुजींना काही सुचेना. अशा वेळी माणसाच्या तोंडून पाठ असलेलंच येतं. ते म्हणाले, "हाताला हात लावा."

त्यांनी कुणाला सांगितलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण दारात उभी असलेली आरोही पुढं आली, आईच्या उजव्या अंगाला बसली आणि आईच्या हाताला हात लावला. पूजेत बायको यजमानाच्या हाताला लावते, अगदी तसा. विजयमालाबाईंनी वळून लेकीकडं बघितलं. मग एकदा सुपारीकडं. इतकी वर्षं यजमान कोण होतं, ते त्यांना आत्ता, उठायच्या वेळी कळत होतं.

सुपारी निघाली. निघताना बारीक आवाज झाला, चुटकी वाजावी तसा, आणि फरशीवर एक गोल, स्वच्छ, मूळ रंगाचा ठिपका उरला. मंजुषानं तो पुढं पुसला का, ठाऊक नाही. पुसलाच असेल. पुसावाच. तिथं तिचे देव बसायचे होते.

आरोही म्हणाली, आई, ही पुण्याला नेऊ, पाण्यात नको सोडूस. बाई म्हणाल्या, "तुज्या घराला सुपारी लागनार न्हाई. तिथं मालक तू हायस. ती खोकी उघड आधी जाऊन." जाता जाता कंकालेश्वराच्या कुंडात तिला सोडायचं ठरलं. गाडी तिथून जरा आडवाटेनं घ्यावी लागणार होती, ड्रायव्हर कुरकुरणार होता.

बाईंनी भिंतीवरचा तो पहिला खिळा काढला नाही. पिशवी तेवढी काढून खांद्याला लावली. किल्ली मंजुषाच्या हातात दिली, तिच्या कपाळाला मंजुषाच्याच कोयरीतलं कुंकू लावलं. मंजुषा वाकली, तेव्हा तोंडात आलेलं "या, बसा" त्यांनी परत फिरवलं आणि नुसतं म्हणाल्या, "पानी भरून ठेवीत जा."

तेवढ्यात ओट्यावरून टेम्पोवाल्याची हाक आली. त्याला या घराचं काही माहीत नव्हतं.

"मालक हायत का? माल सगळा चढला."

आत चौघंही थांबली. आरोहीनं आईकडं बघितलं. विजयमालाबाईंनी सुपारीची मूठ घट्ट केली, डोळे पदराला पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"हायत," त्या म्हणाल्या. "निघाल्यात."